सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. सेन्सर बदलू का?

तुमची पेट्रोल गाडी ९६ हजार किलोमीटर चाललेली. इंजिन तापल्यावर, तेही स्लोवर (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) असतानाच दिवा लुकलुकतो. फिटर म्हणतो, "सेन्सर गेलाय, नवा टाकून देतो." माझ्या आधीच्या गाडीच्या वेळी मी हेच वाक्य दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा मुकाट पैसे दिले. सेन्सर खराब होत नाही असं नाही, होतो. पण तो खराब आहे हे दाब मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

ते अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं लाल चित्र ऑइल किती आहे ते दाखवत नाही, दाब दाखवतं. बहुतेक साध्या गाड्यांत इंजिनवर एक बारका स्विच असतो, फिटर सेन्सर म्हणतो तो हाच. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की तो दिवा लावतो. धडधाकट इंजिनात तापल्यावर स्लोवरही १ बारच्या आसपास दाब असतो आणि रेस वाढवली की बराच वर जातो. म्हणजे दिवा लागला तेव्हा दाब काठावर नाही, तळाला गेलेला असतो. चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे' हा हिशेब इथे चालत नाही. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि सेन्सरचा खर्च इंजिन बांधायच्या खर्चावर जातो.

तुमचा दिवा स्लोवरच का लुकलुकतो? तापलेलं ऑइल पातळ होतं, आणि पंप क्रँकवरच फिरत असल्यामुळे स्लोवर तो सर्वांत हळू फिरतो. कुठेही थोडी गळती किंवा झीज असली तर ती आधी इथेच उघडी पडते.

आता पहिलं काम फुकटचं. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. ऑइल कमी असेल तर वळणावर आणि घाटात ते चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, तेव्हा तिथे दिवा लागतो का हेही आठवून बघा. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. गेल्या वेळी कोणत्या ग्रेडचं ऑइल टाकलं त्याचं बिलही शोधा.

दुसरं, इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर करा आणि स्विचची वायर काढा. साध्या स्विचच्या गाडीत दिवा विझायला हवा. नाही विझला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्काम करतात, त्यांची ही आवडती कामगिरी. नव्या गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो, तिथे ही युक्ती लागू नाही.

वायर ठीक निघाली तर खरी परीक्षा. स्विच काढून त्याच्या जागी काट्याचा प्रेशर गेज लावायचा. चांगल्या इंजिन मिस्त्रीकडे तो असतोच. नसेल तर मिस्त्री बदला. माझ्या गाडीला तिसऱ्या मिस्त्रीने गेज लावला तेव्हा इंजिन तापल्यावर स्लोवर काटा ०.४ वर होता, म्हणजे दोन्ही सेन्सर खरंच बोलत होते. रेस दिली तसा काटा चढला, पण रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरायला लागला. मिस्त्री एवढंच म्हणाला, "ह्याला खालून ऑइल मिळत नाहीये." चेंबर उतरवला तर ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी काळ्या गाळाने आणि सिलिकॉनच्या तुकड्यांनी निम्मी बुजलेली. वर्षभरापूर्वी एका गॅरेजात चेंबरची गळती काढताना हात सैल सोडून सांधा बुजवायचं सिलिकॉन फासलं होतं, त्यातलं जास्तीचं आत गळून पडलं होतं. जाळी धुतली, चेंबर साफ केला, ऑइल-फिल्टर नवे टाकले. काटा तापल्यावर स्लोवर १.२.

जाळी बुजली असेल तर एक खूण तुम्हालाही दिसेल: सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दिवा विझायला नेहमीपेक्षा जास्त सेकंद लागतात, कारण घट्ट ऑइल जाळीतून लवकर येत नाही. स्पीडब्रेकरवर चेंबर आपटून आत दबला असेल तरी असंच होतं, कारण तळ जाळीला जाऊन टेकतो. उलट थंड असताना दाब उत्तम, फक्त तापल्यावर घसरतो, सोबत खालून ठकठक येते, तर बेअरिंग झिजलीत. ९६ हजारांत हे व्हायला नको, पण ऑइल बदलायला वर्षानुवर्षं टाळाटाळ झाली असेल तर होतं. पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्हही (जास्तीचा दाब सोडणारी झडप) दोषी निघू शकतो, पण त्याआधी चेंबर उघडून बघणं स्वस्त पडतं.

फिटर दोन गोष्टी सुचवेल, दोन्हींना नाही म्हणा. इंजिन फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) टाकलं तर सुटलेला गाळ जाळीवरच येऊन बसतो. ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल ओतलं तर दिवा बहुधा जाईल, झीज तशीच राहील. जुनी गाडी विकणारे हीच युक्ती करतात. काही जण तर वायरच काढून ठेवतात, म्हणून जुनी गाडी बघायला गेलात की चावी ऑन केल्यावर हा दिवा लागतो का ते आधी बघा.

गेज लावाल तेव्हा थंड, तापल्यावर स्लोवर आणि २,००० आरपीएमवर असे तीन आकडे लिहून घ्या आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. तोवर गाडी घरीच उभी असू द्या. गेज असलेला मिस्त्री घरी आला तर सोन्याहून पिवळं.