रत्नाप्पाण्णा कुंभार फक्त साखर कारखान्यामुळेच ओळखले जातात का?

नाही, कारखाना नंतरचा. शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे अण्णा (जन्म १९०९) आधी प्रजा परिषदेचे, म्हणजे संस्थानातल्या जनतेच्या संघटनेचे, लढवय्ये. कोल्हापूर संस्थानात जबाबदार राज्यपद्धती (लोकांना उत्तर देणारं सरकार) हवी म्हणून लढले, भूमिगत राहिले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामागे या चळवळीचा मोठा रेटा होता.

घटना समितीचे ते सदस्य. राज्यघटनेवर त्यांची सही आहे. सह्या २४ जानेवारी १९५० ला झाल्या, लोक चुकून २६ नोव्हेंबर सांगतात. पुढे शिरोळचे आमदार, राज्यात मंत्री, १९८५ ला पद्मश्री. इचलकरंजीचा पंचगंगा कारखाना याच माणसाने उभारला, पण शाळेत मुलांना आधी घटना समितीचं सांगा.