दिवा कमांडवर की लिमिट स्विचवर?

प्रश्न : माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून घरात दोन तट पडलेत. भाऊ फुकुशिमाचं नाव घेतो. मुलगा म्हणतो, आता तंत्रज्ञान सुधारलंय. कोणाचं ऐकू? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. पण यंत्र सुधारलं म्हणून माणसं एकमेकांचं ऐकायला लागतात असं नाही, आणि घात तिथेच होतो.

मी जन्मभर इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे यंत्रांच्या मोजमापाचं आणि नियंत्रणाचं, काम केलं. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुप्रकल्पात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तरी पॅनेलवर तो बंद दिसत होता. दिव्याला फक्त बंद करायचा सिग्नल गेल्याचं कळत होतं, व्हॉल्व्हचं काय झालं ते नाही. पाणी जास्त झालंय असं समजून ऑपरेटरांनी उलट येणारं पाणी कमी केलं, आणि अणुभट्टीचा गाभा निम्म्याच्या आसपास वितळला. हे वाचल्यापासून कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की मी आधी विचारायचो, हा दिवा कमांडवर (नुसत्या हुकमावर) आहे की लिमिट स्विचवर (व्हॉल्व्ह खरंच हलला की दाबला जाणाऱ्या बटणावर)?

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात तर माहिती घरातच होती. २००८ साली प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्याच हिशेबात १५.७ मीटरची त्सुनामीची लाट निघाली होती. प्रकल्पाची तयारी सहा मीटरच्या आसपासची, वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवायला लागणारे बहुतेक डिझेल जनरेटर तळघरात. मार्च २०११च्या भूकंपानंतर त्सुनामी आली आणि ते बुडाले. त्याच किनाऱ्यावरचा ओनागावा प्रकल्प भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होता, पण तो सुमारे १४.८ मीटर उंचीवर बांधलेला. यानोसुके हिराई या अभियंत्याने जुन्या त्सुनामींचा दाखला देऊन उंचीचा हट्ट धरला होता. तिथे आसपासच्या गावकऱ्यांनी प्रकल्पातच आसरा घेतला!

मी पुण्याच्या नारायण पेठेतला. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री जवान पानशेतवर वाळूची पोती रचत होते आणि आम्ही गाढ झोपलो होतो. धरण खचतंय हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याकडून आमच्या वाड्यापर्यंत काही पोचलं नाही. अजून पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही.

म्हणून भाऊ आणि मुलगा, दोघांनी मिळून विचारावं. लाट किती मीटरची धरली? जनरेटर किती उंचीवर असतील? तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला शंका आली, तर वरिष्ठांना डावलून तो कोणाकडे जाऊ शकेल? गाव रिकामं करायची वेळ आली तर दवंडी कोण देणार? उत्तरं लेखी मागा, आणि आली तर मलाही धाडा.