स्प्लेंडरचे मूळ सुटे भाग घेताना

खोक्यावर ‘जेन्युइन’ छापलेले असणे हा पुरावा नव्हे. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या पार्ट कॅटलॉगमधून पार्ट नंबर उतरवून घ्या आणि आरसीवरील चासी नंबर व उत्पादनाचे वर्ष जवळ ठेवा. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि स्प्लेंडरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे नुसते ‘स्प्लेंडरचा द्या’ म्हटल्यास, विशेषतः इंधनव्यवस्थेच्या बाबतीत, भलताच भाग गळ्यात पडू शकतो.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना व वर्ष तपासा. सील उघडलेले दिसल्यास तो भाग घेऊ नका आणि पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल आवर्जून मागा. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि केबल यांच्यात काटकसर नको. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) बदलावीत, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. आरसे किंवा फूटरेस्टचे रबर मात्र, माझ्या मते, दुसऱ्या चांगल्या कंपनीचे चालेल. ‘कंपनीपेक्षा भारी’ असे मेकॅनिक म्हणालाच, तर जुना भाग परत मागून नव्याशेजारी ठेवून पाहा.