पावसाळ्यातलं पहिलं पोर्ट्रेट

खानापूर, आषाढ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आजीचं तेलरंगातलं पोर्ट्रेट करण्याआधी एका चांगल्या चित्राची नक्कल करायची, हे तू बरं ठरवलंस. फक्त त्यासाठी ‘ग्लो ऑफ होप’ घेऊ नकोस. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रकार हळदणकरांचं ते चित्र जलरंगातलं आहे. त्यातला उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो, तेलरंगात तो पांढरा लावूनच आणावा लागतो. इरकल नेसलेल्या बाईचं किंवा फेटेवाल्या शेतकऱ्याचं, एकाच बाजूने उजेड आलेलं, खांद्यापर्यंतचं तैलचित्र शोध. मोबाइलवर बघून काढू नकोस. स्क्रीन स्वतःच उजळते आणि सावल्या फसवतात. 8×10 इंचांची प्रिंट काढ, त्यावर 1 इंचाचे चौकोन आख. 16×20 च्या कॅनव्हासवर तेच चौकोन 2 इंचांचे होतील.

कॅनव्हासला आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, फासून फडक्याने पुसून घे. वाळल्यावर कोळशाने चौकोन आणि रेखाटन. मग सगळा चेहरा फक्त अंबर आणि पांढऱ्यात उभा कर. इथेच सगळ्यात जास्त दिवस घालव. डोळे किलकिले करून प्रिंट आणि कॅनव्हास आळीपाळीने बघ. नाकाखालची सावली आणि डोळ्याची खोबण सारखीच काळी दिसली, तर एक नक्की चुकलंय. काळा रंग या थरात नको. तो फार सावकाश वाळतो, वरचा थर आधी वाळला की तडे जातात. अंबर लवकर वाळतो.

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. आपल्याकडच्या पावसात पांढऱ्याचा थर आठवडाभरसुद्धा ओला राहतो. म्हणून चुलीजवळ ठेवशील, तर वर साय धरेल, खाली ओलं राहील आणि गालावर सुरकुत्या पडतील. वर काजळी बसेल ती वेगळीच. पडवीत वारा खेळेल तिथे ठेव, भिंतीला चिकटवून नको, मागून बुरशी येते.

अंबरवर चढवायच्या रंगाच्या थरात थोडं जवसाचं तेल घाल, पण चित्रकलेच्या दुकानातलं, शुद्ध केलेलं. घाण्यावरचं पिवळं पडतं. शेंगतेल तर वाळतच नाही. खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल नेहमी जास्त हवं.

आपल्या माणसांची कातडी पांढरा आणि लाल मिसळून होत नाही, खडू फासल्यासारखी गुलाबी दिसते. दोन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) इथून सुरुवात कर, पांढरा अगदी शेवटी. दारातून आभाळाचा उजेड येत असेल तर कपाळावरची चमक किंचित निळसर असते. आणि हनुवटीखाली नीट बघ: इरकलच्या लाल काठाचा रंग तिथल्या सावलीत उतरलेला असतो. तो सापडला की मान चेहऱ्याला जोडली जाते.

चित्रात चेहऱ्यामागे भाताची खाचरं असतील तर ती दोन-तीन सपाट हिरव्यांत आटप, चेहऱ्यापेक्षा फिकी.

एक मात्र विसरू नकोस. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून गवताच्या गंजीपाशी टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेव.

अंबरचा थर पुरा झाला की रंगाला हात लावण्याआधी फोटो पाठव. दिवसाच्या उजेडात काढ, फ्लॅश नको.