मोरीखाली अडलेले ट्राउट

प्रश्न : आमच्या रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या अंगाला, ओढ्यात, ब्रुक ट्राउट (इथला देशी मासा) दिसत नाहीत. पाइपाच्या तोंडाखाली दगडांची पायरी रचली तर?
– एक वाचक, पश्चिम मॅसॅच्युसेट्स

उत्तर : पायरी पुरात वाहून जाईल. मूळ दोष अरुंद पाइपाचा आहे. कोंडलेले पाणी वेगाने सुटते, खाली डोह खणते आणि पाइपाचे तोंड अधांतरी राहते. मोठा मासा उडी मारेलही, बोटभर पिल्लू नाही.

मोरीपासून दूर, वरच्या अंगाला ओढ्याची काठोकाठ भरल्यावरची रुंदी मोजा. तुमच्या राज्याच्या निकषांनुसार नवी मोरी तिच्या किमान १.२ पट हवी. ओढा १० फूट, तर मोरी १२ फूट. तळ उघडा असलेली कमान सर्वांत चांगली. पेटीमोरी (चौकोनी, तळ बंद असलेली) घेतलीत तर ती किमान २ फूट तळाखाली गाडा आणि आत ओढ्यासारखेच गोटे भरा. इथेच बहुतेक कामे फसतात : नुसते मोठे दगड टाकले की उन्हाळ्यात पाणी फटींतून खाली जाते आणि वरचा तळ कोरडा पडतो. बारीक रेती पाण्याने धुऊन फटींत बसवा. काम उन्हाळ्याअखेरीस, कमी पाण्यात उरका, कारण शरद ऋतूत मासे अंडी घालतात. गावच्या संवर्धन आयोगाची परवानगी आधी घ्या.

खालच्या पात्रात युरोपातून आणलेले ब्राउन ट्राउट असतील, तर थांबा! वर देशी मासे उरले असतील, तर ही मोरीच ब्राउन ट्राउटना वर येण्यापासून अडवून त्यांना वाचवत असेल. राज्याच्या मत्स्य खात्याकडून दोन्ही बाजूंची पाहणी करून घेतल्याशिवाय पाइप काढू नका.