लंडनचं तिकीट कळंबहून मोजा

काकाजी, तुमचा प्रश्न असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातून तुम्ही नि काकू मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघालात. एजंटानं दोघांचे जाण्या-येण्याचे तीन भाव सांगितले. मुंबईहून थेट १,४८,०००, नागपूरहून दोहामार्गे १,५६,००० आणि मुंबईहून दोन वेगवेगळी तिकिटं जोडून १,२२,०००. स्वस्तातलं घ्यावं का, आणि त्यासाठी २ लाखांची एफडी मोडावी का?

आधी अंतर. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, थेट विमानाला साडेनऊ-दहा तास. नागपूर-दोहा २,८०० आणि दोहा-लंडन ५,२००, म्हणजे ८,०००. कागदावर मुंबई जिंकते. पण तुमचं विमान काही मुंबईच्या दारातून सुटत नाही. वर्ध्याला जाऊन रात्रभर रेल्वे, हे ८०० किलोमीटर. नागपूर सव्वाशे. बेरीज करा, दोन्ही रस्ते जवळपास सारखेच निघतात. वर मुंबईत गाडी सकाळी पोचणार आणि विमान रात्रीचं असलं तर दिवसभर लॉज घ्या, टॅक्सी करा. रेल्वे, लॉज, टॅक्सी धरून दोन्ही वेळचे १४,००० धरा. नागपूरला घरून गाडी केली तर जाऊन-येऊन १०,०००. म्हणजे १,६२,००० आणि १,६६,०००. चार हजारांचा फरक, आणि काकूंच्या गुडघ्यांना एक रात्र कमी.

तिकिटावरच्या वेळांवरून प्रवास मोजू नका बरं. त्या तिथल्या घड्याळाच्या असतात, आणि लंडन आपल्यामागे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. येताना पश्चिमेचा वारा मागून लागतो, तेव्हा वेळ थोडा कमीच लागतो.

१,२२,०००चा मोह मलाही झाला असता. पण दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नाही, नवं तिकीट खिशातून. मध्ये बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्यायच्या, आणि त्यासाठी काही देशांत वेगळा व्हिसा लागू शकतो. तुमचा पहिलाच विमानप्रवास. मी हे घेऊ नका म्हणेन. नागपूरचं घ्या, मात्र लंडनपर्यंत एकाच बुकिंगवर.

आता एफडी. तीन वर्षांची आहे, पिकायला दोनच महिने उरलेत. मोडली तर बँक बहुधा एक टक्का कापते. ३४ महिन्यांचे साडेपाच हजारांच्या वर गेले. त्याऐवजी त्याच एफडीवर कर्ज घ्या. साधारण ९० टक्के मिळतं, म्हणजे १,८०,०००, तुमचं भागतं. तुमची ठेव ७ टक्क्यांची, कर्ज ८ नं पडलं तर १,६६,०००वर दोन महिन्यांचं व्याज बावीसशेच्या आसपास, आणि ठेवीचं व्याज चालूच. पीककर्जाला मात्र हात लावू नका. ते मुदतीत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते, आणि घरात पडलेला कापूस कोणत्या भावानं जाईल हे तुम्हालाही माहीत नाही.

एक खर्च तुम्ही धरलाच नाही, प्रवास विमा. पाहुण्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर दर दीडपट लागतो. काकूंची शुगर फॉर्मवर लिहा, लपवली तर दावा नाकारतील. आणि इन्सुलिन डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.