चिठ्ठी खिशात, खोली दुसऱ्याची

प्रश्न: मी डोंबिवलीचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनच्या आत १० इंटचा, म्हणजे १० पूर्णांकांच्या ओळीचा, अ‍ॅरे भरला, त्याचा पत्ता पॉइंटरमधून रिटर्न केला, तर मेन या मुख्य फंक्शनमध्ये कधी बरोबर आकडे येतात कधी कचरा. असं का होतं?

उत्तर: अरे, पॉइंटर म्हणजे नुसती पत्त्याची चिठ्ठी, खोली नव्हे. समज गिरगावातल्या एका चाळीत १४ नंबरची खोली, भाडेकरू सोडून गेलाय पण चिठ्ठी तुझ्या खिशात, आणि जुनं सामान अजून आतच पडलेलं असलं की तुला वाटतं सगळं ठीक आहे. फंक्शनमधला साधा अ‍ॅरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत असतो, फंक्शन संपलं की जागा सुटली, मग आकडे छापायला प्रिंटएफ बोलावलास की तो तिथंच आपलं सामान टाकतो. 'कधी बरोबर' येणं हेच जास्त वाईट रे, चूक लपून राहते. त्यापेक्षा मॅलॉकने, म्हणजे मेमरीत हवी तेवढी जागा मागून देणाऱ्या फंक्शनने, जागा घे, इंट ४ बाइटचा असेल तर ४० बाइट, पण ४० असं हाताने लिहू नको, इंट किती बाइटचा ते सांगणारं साइझऑफ वापर. जागा मिळाली नाही तर मॅलॉक नल, म्हणजे रिकामा पत्ता देतो, तो तर नाही ना आला ते बघ. ही जागा तू फ्री करेपर्यंत, म्हणजे परत देईपर्यंत तुझीच, आणि फ्री केल्यावरही चिठ्ठीवर जुनाच पत्ता राहतो हं, म्हणून पॉइंटरमध्ये लगेच नल टाक.